तीन नंबर एकाला दोन सोडते

१५ डिसें., रविवार
आज आमच्या पेंटबॉलच्या मैदानावर पुन्हा तेच. ३ नं.ची बंदूक. चाप एकदा ओढला की रंगाच्या दोन गोळ्या सुटतात, कधी तीन. नाशिकच्या पाहुण्यांतली एक मुलगी बाद होऊन, हात वर करून मैदानाबाहेर निघाली होती. तिच्या मानेखाली दोन बसल्या. रंग धुतला तर खाली काळंनिळं. तिची आई म्हणाली, "ताई, हिनं मास्क काढला असता तर?"
हे म्हणाले, "खेळात लागतंच." यांच्याच पाठीवर मारून बघायला पाहिजे.

१६, सोम.
बंदुका ज्याच्याकडून घेतल्या त्या पुण्याच्या दुकानदाराला यांनी फोन केला. तो म्हणाला, आतला दट्ट्या मागं जाऊन खटक्यात अडकला पाहिजे. अडकत नाही म्हणून परत सुटतो. टाकीत गॅस कमी आहे का? तेल कोणतं घालता?
"तुमचंच की." तेलाची बाटली यांनी आजवर हातात धरली नाही, पण उत्तर तयार.
टाकी संगमनेरहून भरून आणली. राजूरला कोण भरून देतंय.

१७, मंगळ.
स. दोन. भरलेल्या टाकीवर.
दु. एक, एक, एक.
हे म्हणाले, "बघ, झाली. तुझाच हात जड हाय."

१८, बुध.
स. परत दोन. झाडाला गोणपाट बांधून मारत होतो. यांनी मागचा स्क्रू फिरवला, तर तीन. उलटा फिरवला, परत दोन. गोणपाट रंगून गेलं, आम्ही दोघं थंडीत कुडकुडतोय.
सुमन, माझी जाऊ, चहा घेऊन आली. बंदुका पुसायचं, तेल द्यायचं काम तिचं. हे तिच्यावर खेकसले, "पुसता पुसता पाडलीस का कुठं?" ती गप्प. सुमन गप्प बसणारी बाई नाही.
वर आज कळलं की यांनी रविवारी शाळेची सहल घेतलीय. सातवीची पोरं, सकाळी नऊला. मला न विचारता.
मी म्हणाले, "ही नीट झाल्याबिगर पोरांच्या हातात देणार न्हाई."
"मंग तूच सांग शाळेला."
सांगितलं असतं. नंबर यांच्या मोबाईलात.

२०, शुक्र.
सकाळी न्हायले. खोबरेल थिजून बाटलीत पांढरा दगड. चुलीजवळ ठेवून वाट बघत बसले. दुपारी कसं आपोआप पातळ होतं आणि सकाळी...
ओल्या केसांनीच उठले. सुमनला विचारलं, "बंदुकीला कोणतं तेल घालतीस गं?"
"ते पुण्याचं दिवाळीतच संपलं. मंग खोबरेल घालते. शिलाई मशीनला घालते, दाराच्या कडीला घालते. का?"
"परवा बोलली का न्हाईस?"
"भाऊजींनी तेलाचं कुठं विचारलं? पाडलीस का म्हणले. मी पाडली न्हाई."
३ नं. उघडली. खटक्यात पांढरं, मेणासारखं. गरम फडक्यानं पुसून काढलं. सगळ्याच उघडायला लागणार. तेल सगळ्यांना एकाच बाटलीतलं.

२१, शनि.
स. थंडीत ३ नं. मारली. एक. एक. एक. हे लगेच, "मी तेव्हाच म्हणत होतो, तेलाचं काहीतरी हाय." कधी म्हणत होते?
बाकीच्या उघडून पुसल्या. ६ नं. राहिली. तिच्या स्क्रूची खाच झिजलीय, स्क्रूड्रायव्हर धरत नाही. हे म्हणाले, "तिनं कधी दोन सोडल्या का? राहू दे." मी म्हणाले, पेटीत टाका, उद्या बाहेर काढायची नाही. मान हलवली. यांची मान कशालाही हलते.

२२, रवि.
बस वेळेवर. धुकं आहे, गवत ओलं. गुरुजींना सांगितलं, मास्क काढला तर खेळ बंद. पोरं लई कालवा करतात.
३ नं. नीट झाली तरी दिली नाही, धीर झाला नाही. माझ्या मांडीवर आहे, तिच्यावरच वही टेकवून दोरीच्या बाहेर बसलेय. सुमन पोरांना गोळ्या भरून देतेय. हे शिट्टी वाजवतायत.
आतापर्यंत सगळं एक एक.
आत्ता बांधापलीकडून टक-टक आलं. लागोपाठ. दोन पोरांनी एकदम मारल्या असतील.
परत आलं.
पेटी बघून येते.