दारातले बूट

आप्पा,

फोनवर फ्लॅट मिळाला म्हणालो, ते खोटं. क्रोएशियात सीझनला खोली परवडत नाही. महाळुंग्यातला आपला जुना भाडेकरू नवनाथ इथं वेल्डर आहे. त्याच्या खोलीत चोरून राहतोय, हॉटेलात कामालाही त्याच्याच सायकलवर जातो.

त्याचा भाऊ एक रात्र राहिला म्हणून तुम्ही नवनाथला सामानासकट बाहेर काढलं होतं. पहाटे दारातल्या चपला मोजून तुम्ही जास्तीचा माणूस पकडायचात.

मी आलो की नवनाथ माझे बूट उचलून कॉटखाली सरकवतो. काल म्हटलं, "अरे, इथली मालकीण कुठं मोजतीय?"

"सवय लागलीय, शेठ," म्हणाला.

हे धाडायची हिंमत नाही. फोनवर फ्लॅटच सांगेन.

जयदीप