तरडमाळावर विमानाची ओटी भरली गेल्याबाबत व काल्याच्या कीर्तनास जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
छोटी गावे हवाई जोडणी कक्ष, सातारा.

विषय : धावपट्टीवर विमान येत नसल्याने तेथे एक सकाळ कीर्तन करू देणेबाबत.
संदर्भ : आपले लेखी नकारपत्र व त्याआधीचे तोंडी आश्वासन.

महोदय,

खुर्ची जरा जवळ ओढून घ्यावी. अर्जदार कोंडीबा खरात, राहणार तरडमाळ, वडूजजवळ, धंदा मेंढपाळी, नाद कीर्तनाचा, हा आपणास एक कथा ऐकवणार आहे. कथेत विमान आहे, म्हणजे ती आपल्याच खात्यातली.

१. गावाचा सप्ताह पिढ्यानपिढ्या माळावर होई. काल्याचे कीर्तन नांदेडच्या केरबाबुवांचे. बुवा थकले, रात्रभराची एस.टी. सोसेना. तेवढ्यात आपण आलात. टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याचे विमान. ते आखूड धावपट्टीवर उतरते, इंधन कमी पिते आणि मोठी जेट विमाने ज्या गावांकडे ढुंकून पाहत नाहीत ती गावे जोडते, असे समजावलेत. बुवा जेवणाआधी पोचतील, म्हणालात. गावाने माळ दिला. कीर्तनकाराला आणण्यासाठी कीर्तनाची जागाच देऊन टाकली, इतके आम्ही हुशार.

२. चाचणीचे विमान खरोखर आले. ते परत निघताना अर्जदाराची चुलती अंबूबाई ताट घेऊन पुढे झाली. आपण हटकलेत तर म्हणाली, "आवं सायब, पयल्यांदा आलेली लेक वटी भरल्याबिगर धाडायची व्हय?" तिने थांबलेल्या पंख्याला हळदकुंकू लावले आणि मूठभर तांदूळ पंख्यामागच्या इंजिनाच्या फटीत सोडले. इंजिन साफ करून विमान गेले ते गेलेच. सासरी इतकी रमलेली लेक आम्ही पाहिली नाही.

३. तेव्हापासून तांदळाची चौकशी चालू आहे. नमुन्यासाठी त्याच पोत्यातले तांदूळ सोबत जोडले आहेत. कीर्तनाला तीच जागा मागितली, तर 'विमान केव्हाही येऊ शकते' असे उत्तर आले. एवढी श्रद्धा आमच्या भजनी मंडळातही नाही. आपला पहारेकरी इंद्रजित हा आमचा मृदंगवाला. तो आता अर्जदाराच्या मेंढरांना शिट्टी मारून हाकलतो आणि हळूच म्हणतो, "तात्या, विमानाला वाट सोडा की. लय गर्दी झालीया."

४. यंदा बुवा जीपने, मुक्काम करत येतो म्हणतात. पुढच्या साली आवाज राहील न राहील. करिता माघातल्या काल्याला एक सकाळ धावपट्टी द्यावी. विमान दिसताच मंडप, टाळ, वीणा व श्रोते बाजूला घेण्याची हमी देतो. फक्त चालू अभंग पुरा होईतो विमानाने वर घिरट्या घालाव्यात. इंधन कमी लागते हे आपणच सांगितले आहे.

५. चौकशी सावकाश होऊ द्या. पण स्वतःच्या मूठभर तांदळापायी बुवा गावाला तुटले, असे अंबूबाईने मनाला लावून घेतले आहे. पहिल्या रांगेत बसणारी ती बाई आता कीर्तनाचे नाव काढत नाही. सांजेला दिवा लावताना तेवढे म्हणते, "त्या विमानाला काय व्हाया नगं, देवा." आपल्या विमानासाठी रोज हात जोडणारे आपल्या कचेरीत तरी कोणी आहे काय, ठाऊक नाही. सही करताना त्या म्हातारीची आठवण असू द्यावी.

आपला नम्र,
कोंडीबा खरात
तरडमाळ, दि. ६ जानेवारी २०२५