दुबईचे खजूर

३ नोव्हेंबर, सोमवार
शुगर १७२. डॉक्टरीणबाईंनी रोज लिहून ठेवायला सांगितलंय. शाल्मली कामाला आहे त्या साडीच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी, जानेवारीपासून कोरी पडली होती. चौथी शिकलेली म्हातारी लिहून लिहून काय लिहिणार, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल. आकडा तर लिहिणारच, वर दोन ओळी जास्त. आजपासून गोड बंद.

शाल्मली माझी लेक. पोरीला घेऊन माझ्याकडे आली त्याला सात महिने झाले. नवऱ्यानं दुसरं बिऱ्हाड केलं, इथंच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, तलावाकडच्या त्या उंच बिल्डिंगींत. गल्लीत मी सांगितलंय, जावई दुबईला आहे, कंपनीनं पाठवलंय. हे काही अगदीच खोटं नाही. आमच्या चिकपेटहून निघालं आणि रिंग रोडचं ट्रॅफिक बघितलं तर दुबई आधी येईल.

कुणाला काही कळलेलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
शुगर १८०. मशीन बिघडलंय.

शाल्मलीनं सरकारी घरासाठी अर्ज केला. एकट्या आयांना आधी देतात म्हणे. एक खोली, स्वयंपाकघर, संडास आत. माझ्या खोलीत आम्ही तिघी झोपतो, शिवानीचे पाय माझ्या पोटावर. भाड्याचं घर मिळत नाही. मालक विचारतात, यजमान काय करतात. यजमान नाहीत म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असते. चार ठिकाणी असं झालं, पार सर्जापूर रोडपर्यंत जाऊन आली.

पण अर्जात लिहावं लागतं, नवरा बरोबर राहत नाही, काही देत नाही. कोर्टाचा कागद अजून हातात नाही, म्हणून ऑफिसचा माणूस येऊन शेजाऱ्यांना विचारणार आणि त्यांच्या सह्या घेणार. मी म्हटलं, असलं लिहून द्यायला लाज नाही वाटत? ती म्हणाली, आई, लाज मला नाही वाटत, तुला वाटते. उलट बोलायला शिकलीय. कुणाकडून शिकली देव जाणे.

९ नोव्हेंबर, रविवार
शुगर मोजली नाही. रविवार.

समोरची धनलक्ष्मी विचारत होती, अक्का, अळिया दिवाळीला पण आले नाहीत? अळिया म्हणजे जावई. मी म्हटलं, तिकीट मिळालं नाही. विचारण्यात जरा खोच वाटली. म्हणून बाजारात जाऊन खजुराचे दोन डबे आणले, वर उंटाचं चित्र आहे. एक चार घरांत वाटला, जावयानं पाठवले म्हणून. दुसरा कपाटात. त्यातले तीन खाल्ले. खजूर गोडात मोडत नाहीत, फळ आहे.

शिवानीला बाहुली आणली. पोट दाबलं की बोलते. शाल्मलीनं बजावलंय, पोरीला खोटं सांगायचं नाही. मी नाहीच सांगितलं. पोरीनंच विचारलं, पप्पांनी दुबईहून पाठवली ना? मी नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शुगर २०४. काळजीनं वाढते, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या.

आज ऑफिसचा माणूस येणार हे कळलं होतं. मी विचार केला. घरी बसले तर खरं सांगावं लागेल, नाहीतर खोटं सांगावं लागेल. नसलेच तर दोन्ही टळलं. कोथिंबीर घ्यायला गेले आणि दोन तास घेतली.

परत आले तर धनलक्ष्मी दारातच. म्हणाली, अक्का, काळजी करू नका, आम्ही नीट बोललो. खालच्या मजल्यावरचे भीमाचार्यही जिन्यात थांबून म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. शेजार असावा तर असा. चार खजूर खाल्ले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शुगर २२०.

अर्ज नामंजूर. शाल्मलीच्या फोनवर आलं. नवरा परदेशात नोकरीला, घरखर्च वेळेवर पाठवतो, शेजाऱ्यांचा जबाब जोडला आहे. भीमाचार्यांनी तर चार ओळी लिहून सही केलीय. दुबईत मोठ्या हुद्द्यावर, मोटार आहे, स्वभाव सालस. मोटारीचं मी कधीच बोलले नव्हते. ती त्यांनी स्वतःच घेऊन दिली.

शाल्मलीनं फोन उपडा ठेवला आणि इडलीचं पीठ वाटायला बसली. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं.

महिनाअखेर यादी बंद होणार. त्याआधी पुन्हा चौकशी मागता येते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शुगर २१५. उतरली.

उपाय सापडला. गल्लीत सांगायचं, जावयाची दुबईतली नोकरी परवा गेली, त्याच धक्क्यानं डोकं फिरलं आणि बायकोला सोडलं. घर पण मिळेल, मागचं काही पुसायला नको. शाल्मलीला सांगितलं. ती म्हणाली, आई. मी वाट बघितली.

२३ नोव्हेंबर, रविवार
शुगर मोजायला वेळ नव्हता.

घरोघर गेले. आधी धनलक्ष्मीकडे. वाक्य पाठ केलं होतं. परवा दुबईत, एवढं म्हणाले तोच तिनं मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, अक्का, राहू द्या, आम्हाला माहीत आहे. तिचा मुलगा टॅक्सी चालवतो. एप्रिलमध्येच जावयाला त्यानं बेळ्ळंदूरला सोडलं होतं, दोन बॅगा आणि एक बाई. पाच स्टार पण दिले नाहीत म्हणाला.

मग त्या ऑफिसच्या माणसाला दुबई कशाला सांगितलंत, मी विचारलं. म्हणाली, तुम्ही सात महिने इतक्या मनापासून सांगताय, आम्ही परक्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडायचं? आणि खजूर पण खाल्ले की. तो उंटाचा डबा कोपऱ्यावरच्या दुकानात असतो, आम्ही पण तिथूनच आणतो. पुढच्या वेळी बिया काढलेले घ्या.

भीमाचार्यांनाही माहीत होतं. मोटार कशाला घातलीत म्हटलं, तर म्हणाले, अंबुबाई, सांगायचंच होतं तर तुमच्या जावयाला पायी कशाला पाठवू?

खाली बघून जिना चढले. मी गल्लीपासून सगळं झाकून ठेवलंय असं समजत होते. सगळ्या गल्लीनं मलाच झाकलं होतं, आणि त्यापायी लेकीचं घर गेलं. सगळे म्हणाले, या वेळी खरं सांगू. मला काय म्हणायचं ते मात्र कुणी विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी शुगर १९०.

शाल्मलीनं पुन्हा चौकशी मागितली होती, तोच माणूस आला. हयवदन नाव, वयानं लहान, बॅग पुढून छातीला लावलेली. शाल्मलीनं दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. धनलक्ष्मीनं खरं सांगितलं. भीमाचार्यांनी मोटार परत घेतली. मग त्यानं मला विचारलं. मी कन्नडमध्ये सांगितलं, जावई इथे राहत नाही, काही पाठवत नाही. कन्नडमध्ये स्वल्प सोपं जातं, जणू दुसऱ्याच्या घरचं सांगतेय. तो लिहायला लागला. मला वाटलं, झालं. एवढंच तर होतं.

शिवानी शाळेतून येऊन दारात उभी होती, ते मी पाहिलं नव्हतं. सात वर्षांची आहे, दोन्ही भाषा येतात. म्हणाली, पाठवतात की. आत पळत गेली, बाहुली घेऊन आली आणि कपाटातला खजुराचा डबा. डब्यात दोनच उरले होते. एक त्या माणसाला दिला. म्हणाली, पप्पा दुबईला आहेत, हे त्यांनीच पाठवलंय.

त्याचं पेन थांबलं. तो माझ्याकडे बघत होता, शाल्मलीही. माझ्याकडे त्या घटकेला तीन खोट्या गोष्टी तयार होत्या, तिन्ही चांगल्या.

मी म्हटलं, बाहुली मी आणली. मराठीत म्हटलं, तिच्याकडे बघून.

खजूर?

तेही मीच.

मग पप्पा कुठे आहेत?

बेळ्ळंदूरला.

ते लांब आहे?

नाही, मी म्हटलं. इथून बस जाते.

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, मग येत का नाहीत?

हयवदननं मान खाली घालून लिहिलं. खजूर त्यानं खाल्ला नाही, कागदाशेजारी ठेवून गेला. शाल्मलीनं पोरीचं दप्तर उतरवलं, हात धुवायला घेऊन गेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शुगर १४१.

अहवाल आज वर जाणार. घर मिळेल असं हयवदन म्हणाला नाही, मिळणार नाही असंही म्हणाला नाही.

खजूर संपले. सकाळी शाळेला जाताना शिवानीनं बाहुली माझ्या उशीवर आणून ठेवली. मी म्हटलं, का गं, नको झाली? म्हणाली, तू आणलीस ना, मग तुझीच ती.

उशी झटकायला उचलली तर बोलली. तशीच पुन्हा ठेवली.