पाण्यातलं सूत आणि पाठराखीण

आक्का,

सगळी गल्ली तुला आक्का म्हणायची, म्हणून आम्हा पोरांच्या तोंडीही आईऐवजी तेच बसलं. तू जाऊन बरीच वर्षं झाली. आता मीही नोकरीतून मोकळा झालोय, नातीला शाळेत पोचवलं की दिवस माझाच. आज सकाळी तिच्या पाण्याच्या पेल्यात दुधाचा थेंब पडला. धूर पसरावा तसा तो पसरत गेला आणि तुझा प्रश्न आठवला.

तू सूतगिरणीत लड्या गुंडाळण्याच्या खात्यात होतीस. मी बारावीला आपटलो तेव्हा जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, हातापाया पडून माझ्यासाठी जागा धरून ठेवलीस, आणि मी कागलच्या नव्या एमआयडीसीत धाग्याच्या कारखान्यात जाऊन चिकटलो. तुला ते लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "तितं काय करतोस?" मी ऐटीत म्हणालो, "सूतच काततो, पण पाण्यात." तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "कापूस कुठनं येतो?" कापूस नाही, म्हटलं. पांढरी पावडर असते. ती एका रसायनात विरघळवायची, मधासारखी घट्ट करायची आणि बारीक भोकांच्या चकतीतून पंपानं पाण्याच्या हौदात सोडायची. पाण्यात गेली की तिचा धागा होतो. मग गरम पाण्यातून ओढत न्यायचा. जेवढा ओढावा तेवढं त्याला बळ.

"चाती कुठं हाय?"

"चाती नसते. सूत पिळणारं, फिरतं असं काहीच नसतं."

"मग पीळ कुठनं पडतो?"

"पीळ नसतोच की आक्का."

"पीळ न्हाय तर सूत कसलं रं? सोऱ्यातनं दाबतासा, वढून लांब करतासा. लेका, तुमी शेवया करतासा!"

झालं. त्या दिवसापासून माझा ल्योक कागलला शेवया करतो, असं तू बोळभर सांगत सुटलीस, आणि लोकांना ते खरंच वाटलं. पलीकडच्या मामी एकदा पिशवी घेऊनच दारात उभ्या. "दादा, पोरीचं लगीन आलंय. कारखान्यातनं शेवया आना की, आमाला दुकानाचा भाव लावू नगा." मी धाग्याचा झुबका आणून दाखवला तर हात लावून म्हणाल्या, "या बया, ह्या शिजायच्या कशा?" तू आत पदर तोंडात कोंबून हसत होतीस. मीही हसलो. पण आतून वाटायचं, हिनं एकदा तरी ह्याला सूत म्हणावं. कापसात सगळा जन्म घालवलेल्या बाईनं म्हटलं, तरच माझं काम ते काम. साहेबलोकांच्या मागं मागं फिरून, विचारून विचारून मी जे शिकलो, ते निम्मं तरी तुला पटवून देता यावं म्हणूनच शिकलो असेन.

मग ती खंडेनवमी, यंत्रांच्या पूजेचा दिवस. आमची लाईन मधेच थांबवता येत नसे, म्हणून चालत्या मशिनलाच हार घालायचो, आणि त्या दिवशी घरच्यांना आत यायला मुभा असायची. तू इरकल नेसून आलेलीस. सगळ्या बायका पेढे घेऊन पुढं गेल्या, तू मात्र हौदाच्या काचेला नाक लावून उभी. आत चकतीतून पांढरे धागे निघताहेत, केसाहून बारीक, हजारांनी, आणि पाण्यातच एकत्र येऊन पुढं सरकताहेत. बराच वेळ बघून तू म्हणालीस, "दूध पान्यात वतलं की पसरतंया. मग ह्ये का पसरत न्हाय?"

आक्का, हाच प्रश्न मी साहेबांना विचारला होता. त्यांनी सांगितलेलं मी तुला माझ्या भाषेत सांगितलं. हौदात धाग्यातलं रसायन बाहेर निघतं, बाहेरचं पाणी आत शिरतं, आणि मागं राहिलेल्याला पाण्यात विरघळता येत नाही, ते धरून बसतं. पण नुसतं पाणी चालत नाही. एकदम परक्या पाण्यात पडला तर धागा वरून झटक्यात कडक होतो आणि आत पोकळ राहतो, मग ओढताना तुटतो. म्हणून त्याच्या ओळखीचं, पावडर ज्यात विरघळवली तेच रसायन आधीच थोडं हौदात मिसळून ठेवतो. त्याच्या संगतीनं तो दमानं घट्ट होतो.

तू काचेवरचं नाक काढलंस. "पाठराखीन म्हन की."

नव्या नवरीबरोबर चार दिवस सासरी राहायला जाते ती पाठराखीण. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. पुढं आमच्या शिफ्टमध्ये सगळेच तसं बोलायला लागले, "पाठराखीण कमी पडलीय, बघा जरा."

परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, "माज्याबर कोन आलं न्हवतं. शाहूवाडीच्या डोंगरातनं एकटीच आलते. पाठवाय घरात कोन हुतंच कुठं?"

मी गमतीनं म्हटलं, "मग तू आतनं पोकळ राहिलीस काय?"

"तुज्या बाला इचार," म्हणालीस आणि हसलीस. ते पहिले दिवस तू कसे काढलेस, कुठं घट्ट झालीस, कुठं तुटता तुटता राहिलीस, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. अजून कुतूहल आहे.

शेवटच्या वर्षी राजारामपुरीतल्या दवाखान्यात आपण बाकावर बसलोय. तुझा हात माझ्या हातात, हलका, सुटलेल्या लडीसारखा. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई तुला बोलतं करायला विचारतात, "आजी, मुलगा काय करतो?" मी हसायच्या तयारीत. आता शेवया येणार. तू म्हणतेस, "सूत काततोय. पान्यात." आणि जरा दम खाऊन, "हितं माजी पाठराखीन हून आलाय."

बाईंना काही कळलं नाही, त्या नाडी बघत राहिल्या. तुझं मत कधी बदललं, काचेपाशी की बसमध्ये, तेही मी विचारलं नाही.

हा कागद आता शेवयांच्या डब्यात ठेवतो, तुझ्यापर्यंत पोचवणारी टपालपेटी कुठली शोधू? एक मात्र सांगून टाकतो. 'सूत' हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो, आणि ऐकला त्या दिवशी त्याच्याकडं माझं लक्षच नव्हतं. घरी येईपर्यंत मी दुसराच शब्द घोळवत होतो.