पन्नाशीच्या आत

मंगळवार, ३ मार्च

पेन्शन! मला! शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला, ज्याला ना साहेब ना पगारपत्रक!

आज कोपऱ्यावरचा शिंपी मशीन न्यायला आला, तो बोलता बोलता म्हणाला. आपलं आपण कमावणाऱ्यांसाठी योजना आहे. दरमहा हप्ता भरायचा, साठीनंतर दरमहा पैसे परत मिळत राहतात. "मी तर तीन वर्षं भरतोय." तीन वर्षं! आणि माझ्याकडे येऊन नुसत्या दोऱ्याच्या गप्पा!

अट एकच — पन्नास पूर्ण व्हायच्या आत नाव घालायचं. माझी पन्नाशी २६ तारखेला. वेळेत सापडलं!

बुधवार, ४ मार्च

माहितीपत्रक वाचलं. बारीक अक्षरंसुद्धा, भिंग लावून. पान चारवरच्या तक्त्यात एक बेरीज चुकली आहे. पेन्सिलीने दुरुस्त केली.

कमाई रोज सारखी नसते. म्हणून ठरवलं — दर पाचव्या मशीनची मजुरी बॉबिनच्या रिकाम्या डब्यात. तिला हात लावायचा नाही. बायको म्हणाली, "आणि पाचवं माझ्या भावाचं निघालं तर?" त्याच्याकडून मजुरी घेता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हटलं, मग सहावं!

शनिवार, ७ मार्च

पाचवं आलं! आणि काय आलं! पायाचं, जुनं, जड, दोघा कारागिरांनी भंगारात काढलेलं. साडेचार तासांत चालतं केलं. मला कुणी शिकवलं नाही. एकोणिसाव्या वर्षी पहिलं मशीन खोललं, जोडलं, तर अकरा स्क्रू उरले. आता एक उरत नाही.

मग नेहमीप्रमाणे बायको चाचणीला बसली. हातभर शिवण घालायची, तिने मान हलवली तरच मशीन घराबाहेर. "वळणावर टाका सुटतोय." सुटत नाही म्हटलं. भिंग लावलं — सुटत होता! कानाने ओळखते की काय!

डब्यात पहिली मजुरी पडली. झाकण दोनदा उघडून पाहिलं.

सोमवार, ९ मार्च

ताईला फोन केला. सगळं भरभरून सांगितलं. ती म्हणाली, "अरे शहाण्या, पन्नास कुठल्या हिशेबाने?"



आईच्या हिशेबाने, अर्थात! खऱ्या. लहानपणी मला सांभाळायला ताईची शाळा सुटणार होती, म्हणून मलाही तिच्याबरोबर शाळेत घातलं. हेडमास्तरांनी माझं वय दीड वर्ष वाढवून लिहिलं. तेच पुढे सगळ्या कागदांवर चढलं. मी ते कधी मानलंच नाही. वाढदिवस खरा, वय खरं. आणि योजना कागद बघणार! सुईच्या टोकाची झीज मोजणारा मी, आणि हे विसरलो!

ताई रडायला लागली. "तुझ्यामुळे शिकले रे." शिक्षिका झाली, आता पेन्शन घेते. म्हटलं, माझ्या दीड वर्षावर उभी आहे ती पेन्शन, अर्धी पाठव! तेव्हा हसली.

मंगळवार, १० मार्च

तरीही गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, एक्कावन्न."

"कागद खोटा आहे."

"सगळे हेच म्हणतात."

म्हटलं, तुमचा पान चारवरचा तक्ताही चुकलाय. तिने कॅल्क्युलेटर काढला. बरोबर निघालो! साहेबांना दाखवायला आत गेली. माझं वय मात्र होतं तिथेच राहिलं.

बुधवार, ११ मार्च

दोन मशीनं. लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १२ मार्च

आज पुन्हा पाचवं. सवयीने मजुरी डब्यात टाकली. बायको चाचणीला बसली होती, तिने चाक थांबवलं. "आता कुणासाठी टाकताय?"

मी डब्याचं झाकण लावलं. ती पुन्हा शिवण घालू लागली. मी बघत राहिलो. मग एकदम ताडकन उठलो! ती दचकली. दोरा तुटला.

शुक्रवार, १३ मार्च

अर्ज गेला — तिच्या नावाने! वय सेहेचाळीस, खरंही आणि कागदावरही. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहायला गेलो आणि पेन थांबलं. पंचवीस वर्षं हिने मान हलवल्याशिवाय एक मशीन गेलं नाही! लिहिलं — शिलाई मशीन तपासनीस, स्वतःचा धंदा. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं. बराच वेळ.

मग मान हलवली.