उंटाच्या घरातलं प्यादं

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

फागू सूर्यमाळहून येऊन दुकानात बसला. पुढच्या रविवारी तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव आम्हा दोघांत, जिंकेल तो ठाण्याला खेळायला जाणार. दोघंही आयुष्यभर जुन्या पद्धतीनं खेळलो, यंदा पंच नवे नियम लावणार. "नवा काय हाय तां तूच सांग, रफीकभाई. दुसऱ्या कोनाला इचारू?" चहा होईपर्यंत सांगितलं – प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, किल्लेकोट... काही राहिलं असेल तर राहिलं.

८ नोव्हेंबर

जिंकलो. लिहितानाही तोंड कडू झालंय.

फागू वरचढ होता, नेहमीसारखा. तंबाखू मळत माझ्याकडे बघून हसतही होता. त्याचं प्यादं माझ्या टोकाला पोचलं, उंटाच्या घरात. जुन्या पद्धतीत ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं मिळतं. त्यानं उंट उचलला. नव्या नियमात वजीर घेता येतो – घेतला असता तर मी तिथेच संपलो होतो. हेच सांगायचं राहिलं होतं! विसरलो होतो, खरंच. पण त्याचा हात उंटावर गेला तेव्हा आठवलं, आणि मी पटाकडे बघत गप्प बसलो.

डाव चालू असताना बोलायचं नसतं म्हणे. आणि डाव संपल्यावर? तेव्हा कुणी तोंड धरलं होतं माझं?

माझ्या हत्तीनं त्याची प्यादी टिपली. त्यानं राजा आडवा केला, पाठीवर थाप मारली. "ठान्यात आपला नाव काढ."

९ नोव्हेंबर

मदीनाला सांगितलं. "जाऊन सांगून या," म्हणाली आणि ताट वाढून पाठ फिरवली. बायकोसमोर इतका लहान कधी झालो नव्हतो. ठाण्याहून आल्यावर जाईन.

११ नोव्हेंबर

बाजारात लोकांनी हार घातला. घालून घेतला. निर्लज्ज.

१५ नोव्हेंबर, ठाणे

पहिल्याच फेरीत हरलो. बरं झालं.

१८ नोव्हेंबर

सूर्यमाळला गेलो. फागूच्या दाराला कडी. त्याची बहीण सुकरी अंगणात होती. "वजीर मिळत व्हता तां त्याला त्याच दिशी यष्टीत कोनी सांगला. घरची सगली गेली जगाया, भिवंडीकडं, वीटभट्टीवर. ह्यो एकलाच थांबला. रफीकभाई येल, म्हने. काल त्योबी गेला भट्टीवर."

काल मी घरीच बसून होतो, दुकानसुद्धा उघडलं नव्हतं.