न वाचता केलेली सही

१८ जानेवारी १९५४, बल्लारशा

कुबडी सुटली, काठी आली. आरागिरणीच्या मालकाने बोलावलं होतं. मोजणीचं काम आता होणार नाही, लाकडांच्या थप्प्यांवर चढावं लागतं. फाटकावर बसायची नोकरी दिली. पगार बासष्टचा अडतीस. सागाचा ओंडका पायावरून गेला त्यात माझी चूक नव्हती, असं तोही म्हणतो. पण पगार अडतीसच.

शांतेच्या, माझ्या पोरीच्या, पोटगीचे अठरा रुपये दरमहा मूल गावी जातात. कोर्टाचा हुकूम दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा जड नव्हते.

२१ जानेवारी

मोठ्या भावाशी बोललो. म्हणाला, कोर्टात अर्ज करता येतो, रक्कम कमी करून मिळते. चांद्याचे वकील त्याच्या ओळखीचे आहेत. "तू पाय सांभाळ. कागदाचं मी पाह्यतो."

आई गेल्यावर यानेच मला वाढवलं. सुमित्रेचं, माझ्या बायकोचं, म्हणणं एवढंच होतं की भाऊच्या घरातून निघून वेगळी खोली घ्या, वहिनीशी तिचं जमत नव्हतं. मी भाऊला सोडलं नाही. ती पोरीला घेऊन मूलला बापाकडे गेली.

२७ जानेवारी, बुधवार

भाऊसोबत चांद्याला वकिलाकडे गेलो. अर्ज तयारच होता, इंग्रजीत टाइप केलेला, चार पानं. मी सातवी पास, मराठीतून. वकीलसाहेबांना विचारलं, काय काय लिहिलं? म्हणाले, पायाचं, पगाराचं, सगळं आलं. डॉक्टरचा दाखला जोडला. अठराचे दहा मागितलेत ना, मी विचारलं. भाऊच म्हणाला, हो रे, कर सही.

तीन ठिकाणी केली. वर शपथही घेतली.

येताना वाईट वाटलं. सु. ला आधी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. भाऊ नको म्हणाला, ती सावध होईल.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहवत नाही. तरी लिहितो.

चांद्याच्या कोर्टात पहिली तारीख होती. सु. आली होती, शांता सोबत. आठ वर्षांची झाली. वर्षभरात एवढी वाढली की आधी मी तिच्या मागच्या लहान मुलीलाच शांता समजलो. व्हरांड्यात आपणहून जवळ आली. काठीकडे पाहून म्हणाली, "बाबा, दुखते का अजून?" नाही म्हटलं. तिने काठी हातात घेऊन दोन पावलं लंगडून पाहिलं. सु. ने हाक मारली नाही, रागावलीही नाही.

मग पुकारा झाला. सु. कडे वकील नव्हता म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांनी अर्ज स्वतः मराठीत समजावून सांगितला. पाय, पगार, बरोबर. मग थोडं थांबले आणि म्हणाले, अर्जदाराचं असंही म्हणणं आहे की ही मुलगी त्याची नाही. तिच्या जन्माआधी तो कित्येक महिने आलापल्लीच्या जंगलात कामावर होता. म्हणून रक्कम पूर्ण बंद करावी.

शांता आईचा पदर धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि…

मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, हे माझं म्हणणं नाई, पोरगी माझी आहे. वकीलसाहेब बाही ओढत होते. म्हणाले, पक्षकार गोंधळला आहे. साहेबांनी विचारलं, सही तुमची? होय. शपथ तुम्ही घेतली? होय. वाचलं नव्हतं? इंग्रजी येत नाही. साहेब म्हणाले, खोट्या शपथेची शिक्षा माहीत आहे का? जे खरं असेल ते लेखी द्या. पुढची तारीख १५ मार्च.

बाहेर सु. ला गाठलं. मला माहीत नव्हतं, एवढंच सांगू शकलो. तिने ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"पैसे कमी मागतले असते त मी हो म्हटलं असतं. पाय दिसून राह्यला तुमचा. सही केली नं तुमी?"

केली.

२३ फेब्रुवारी

भाऊला विचारलं. तो जेवत होता, जेवतच राहिला. म्हणाला, वकिलानेच सुचवलं, आठ वाचवण्यापेक्षा अठराच्या अठरा वाचतील. तुझ्या भल्याचंच केलं. दुसरं लग्न करशील तेव्हा कळेल.

मी म्हटलं, "भाऊ, शांता झाली तवा आलापल्लीले पायी येऊन मले कोणी सांगतलं? तूच नं? गूळ घेऊन आलता तू."

घास थांबला. वहिनी आत गेली.

"त्याच्या नऊ महिने आधी मी दिवाळीले घरी होतो का नाई, हेही तुले ठावं होतं."

म्हणाला, "कोर्टात सगळेच बोलतात रे असं. पोरगी काय कोर्टात राह्यते? इसरून जाईन."

इतकं सहज म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

२ मार्च

गिरणीमागे खोली घेतली. एक खाट, एक चूल. मी सामान नेताना भाऊ दारात उभा होता, अडवलं नाही. सु. ने मागितली होती तेव्हा घेतली नाही ती खोली. आता एकटा घेतो आहे.

वकीलपत्र काढून घेतलं. मराठीत अर्ज माझ्या हाताने लिहिला, एक पान. मुलगी माझी आहे हे पहिल्या ओळीत. भाऊचं नाव घालावं की नाही यावर तीन दिवस गेले. शेवटी घातलं नाही. सही माझी होती.

कमी रक्कम मागणं तसंच ठेवलं. लाज वाटते, पण अडतीसच मिळतात.

१५ मार्च, सोमवार

साहेबांनी अर्ज वाचला. शपथेवर विचारलं, शपथेवर सांगितलं. शिक्षेचं काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, आधीच्या कागदाचा विचार निकालात होईल. निकाल राखून ठेवला. सु. ला विचारलं, रक्कम कमी करण्याला हरकत? तिने फक्त, "मले काई म्हणाचं नाई," म्हटलं.

शांता नव्हती. बाहेर विचारलं, काऊन नाही आणली? ती मग म्हणाली, "इचारते मले, मंग मी कोणाची? मी सांगतलं, बाबाची. म्हणते, बाबाच त नाई म्हणते."



१८ मार्च

पत्र लिहायला बसलो. चि. शांतास अनेक आशीर्वाद. पुढे सरकेना. ती वाचायला शिकली आहे, म्हणजे कायम जपून ठेवील. कागदावरच्या शब्दांची आता धास्ती वाटते. फाडलं.

२४ मार्च, बुधवार, मूल

रजा घेऊन सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने आलो. सासऱ्यांनी पाणी दिलं, ओट्यावर बसायला सांगितलं, मग शेताकडे निघून गेले. सु. ला म्हटलं, शांतेला मीच सांगतो, माझ्या तोंडाने. ती उंबऱ्यातच उभी. म्हणाली, तिनं ऐकलं त ऐकलं, मी तिले जबरदस्ती करणार नाई. शाळा पाचले सुटते. बसाचं असन त बसा.

बसलो आहे. वही सोबत होती म्हणून लिहितो. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, आता एकही वाक्य बरोबर वाटत नाही.

निकाल अजून लागलेला नाही.

शाळेची घंटा झाली. रस्त्यावर पोरी दिसतात, पाचसहा जणी. एक थांबली आहे, शांताच. बाकीच्या पुढे निघाल्या, ती तिथंच उभी राहून इकडे पाहते आहे.